घरी जायचा दिवस

५ डिसेंबर, शुक्रवार

सुखरूप पोचलो. फ्लेवियाला फोन करून तसं कळवलं. ती म्हणाली, जेवलास का ते आधी सांग, सुखरूपचं नंतर बघू. फ्लेविया माझी मोठी बहीण. मरोळ गावठाणात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिने सकाळी पिठाचे फुगे तळून बांधून दिले होते. कुर्ल्याच्या नेहरूनगर डेपोतून एस.टी. धरली, वाईच्या स्टँडवर चहाबरोबर ते फुगे संपवले, आणि पुढचा घाट शाळेच्या जीपने चढलो. हवा छान आहे. स्वेटर लागतो.

ही डायरी ॲन्ड्रियाने एका नाताळला दिली होती. डॅडी, तू बोलत नाहीस, निदान लिहीत जा, असं म्हणाली होती. कोरीच राहिली. मी पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. तिथे शिफ्ट संपताना नोंद लिहायची असे, तेवढंच माझं लिहिणं. आजपासून लिहितो.

शाळा जुनी, इंग्रजांच्या काळातली. काळा दगड, वर कौलं, समोर लांबच लांब व्हरांडा. ॲन्ड्रिया इथे लहान मुलांच्या डॉर्मिटरीची मेट्रन होती. तीन वर्षांपूर्वी जुलैत ती तापाने गेली. तेव्हा घाटात दरड कोसळली होती, रस्ता बंद. मी वाईपर्यंत आलो आणि स्टँडवर बसून राहिलो. वर पोचलो तेव्हा तिला माती देऊन झाली होती. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही.

आता तिला घरी न्यायला आलो आहे.

आमच्याकडे मुंबईत सिमेंटरीत जागा कमी. काही वर्षं झाली की कबर उघडतात, अस्थी काढतात, भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, ठेवतात आणि ती जागा दुसऱ्या कोणाला देतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. माझे आईवडील आणि ॲन्ड्रियाची आई सबिना मरोळला एकाच निशमध्ये आहेत. तिथे ॲन्ड्रियासाठी जागा आहे. आमच्या चर्चच्या फादर लॉईडनी १४ तारीख दिली आहे. इथल्या प्रिन्सिपल संघमित्रा मॅडमना मात्र हे नवीन होतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे एकदा पुरलेलं माणूस कोणी वर काढत नाही. पण परवानगीचे कागद त्यांनीच करून ठेवले होते. बाई चांगल्या आहेत.

उद्या मुलांचा घरी जायचा दिवस. नाताळची सुट्टी. व्हरांड्यात पत्र्याच्या ट्रंका ओळीने मांडून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नाव. सगळीकडे गोंधळ, गाणी, पळापळ. एका मुलीने मला विचारलं, अंकल, तुम्ही कोणाला न्यायला आलात. माझ्या मुलीला, म्हटलं. कितवीत आहे, असं तिने विचारलं. मी हसलो. फार दिवसांनी हसलो असेन.

जेवणाच्या रांगेत नवी मेट्रन एकेका मुलाच्या डोक्यावर हात टेकवत मोजत होती. मॅडम म्हणाल्या, ही ॲन्ड्रिया मिसची पद्धत, तिने लावून दिलेली. मला ठाऊक होतं. गावठाणातली लहान पोरं गोळा करून ती चर्चमध्ये मिसाला न्यायची तेव्हा क्रुसापाशी सगळ्यांना उभं करायची आणि डोक्यावर हात ठेवत मोजायची. मी मागे उभा असायचो. शेवटी माझ्याकडे यायची, टाचा उंचावून माझ्या डोक्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, आणि डॅडी.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून गाड्या येत होत्या. इथे एक जुनी रीत आहे. फाटकाशी पितळी घंटा टांगली आहे. ज्या मुलाला न्यायला माणूस येतं त्याच्यासाठी घंटेचा एक टोल देऊन नाव पुकारतात. मग ते मूल आपली ट्रंक उचलून येतं. ज्यांचं कोणी आलेलं नाही ती पायऱ्यांवर ट्रंकेशेजारी गुडघे जुळवून बसतात आणि फाटकाकडे बघत राहतात. टोल पडला की सगळी एकदम उठतात. नाव दुसऱ्याचं निघालं की पुन्हा बसतात. मी हे बराच वेळ बघत बसलो होतो.

दुपारी शाळा रिकामी झाल्यावर सिमेंटरीत गेलो. शाळेचे सुपरवायझर चंद्रप्रकाश आणि खणायला दोन गडी बरोबर होते. जागा शाळेच्या मागे उतारावर आहे, लहानशी. एका बाजूला अगदी आखूड कबरींची ओळ. मॅडमनी काल सांगितलं होतं, पूर्वी एका वर्षी घटसर्पाची साथ आली, लहान मुलं गेली. आईबाप कोणी आफ्रिकेत, कोणी बोटीवर. मुलांच्या गळ्याला फ्लॅनेलच्या पट्ट्या बांधून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. नंतरही त्यांच्यासाठी कधी कोणी आलं नाही. ॲन्ड्रिया दर रविवारी इथलं गवत काढायची.

तिची कबर त्याच ओळीच्या टोकाला. पावसात, घाईत, जिथे माती मऊ लागली तिथे खणली होती.

गडी सावकाश खणत होते. मी वर उभा राहिलो. मला वाटलं होतं मला बघवणार नाही, पण बघवलं. तिची जपमाळ निघाली. मी ओळखली, सबिनाची होती ती. चंद्रप्रकाश म्हणाले, काका, झालं सगळं, आता बास. पण मरोळला मी आईच्या वेळी आणि सबिनाच्या वेळी उभा राहिलेला माणूस. हातापायाची बारीक हाडं खाली मातीत उतरतात, नीट खरवडलं नाही तर राहून जातात. मी म्हटलं, अजून थोडं खाली जा, काही राहायला नको. ते म्हणाले, खाली कशाला, आमच्याकडे असं खाली जात नाहीत. मी ऐकलं नाही. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आणखी माती काढली, आणि मिळालं ते सगळं पांढऱ्या चादरीत घेतलं. ऊन उतरत होतं. तिथे निवडत बसलो नाही.

तिच्या खोलीतली तिची जुनी ट्रंक त्यांनी जपून ठेवली होती. तीतच ठेवलं. वर तिचं नाव आहे.

७ डिसेंबर, रविवार

घरी आलो.

सकाळी निघताना चंद्रप्रकाशनी ट्रंक फाटकापर्यंत स्वतः उचलून आणली. मग म्हणाले, काका, मिसचाही घरी जायचा दिवस आहे, आणि घंटेचा एक टोल दिला. मला भरून आलं. मी ट्रंक उचलली तेव्हा मागे आणखी एक टोल पडला. वळून बघितलं तर ते घंटेपासून लांब, जीपच्या ड्रायव्हरशी बोलत होते. वारा होता.

फ्लेविया दारात वाट बघत होती. रडली नाही. ट्रंकेवर हात फिरवला आणि म्हणाली, आलीस गं बाय. मग माझ्यावर घसरली, की एवढी थंडी अंगात घेऊन आलास, कानाला बांधायला मफलर दिला होता तो काय बसच्या खिडकीला बांधलास. भिंतीवरच्या देवाच्या अल्ताराखालच्या टेबलावर ट्रंक ठेवली आणि मेणबत्ती लावली. तीन वर्षांनी घरात दोन माणसं आहेत असं वाटलं.

८ डिसेंबर, सोमवार

आज मरियामातेचा सण. सकाळी मिसाला गेलो. फादर लॉईड भेटले, रविवारचं सगळं नक्की आहे म्हणाले. गवंडी सांगून ठेवला आहे.

गावठाणात नाताळची तयारी सुरू झाली आहे. क्रुसाभोवती पताका. फ्लेविया नेवऱ्या करायला बसली आणि मला खोबरं खवायला लावलं. म्हणाली, कारखान्यात एवढी वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्यास, आता स्वतःचं काम कर. बरं वाटलं.

दुपारी जरा पडलो होतो. बाहेर एक टोल ऐकू आला. पाववाल्याची सायकल असेल. नंतर ओट्यावर पत्र्याचं काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. खिडकीतून बघितलं तर पायरीवर एक मूल पाठमोरं बसलं होतं, गुडघे जुळवून. अंगात जाड लोकरीचा कोट. शेजारच्या शिकवणीला आलं असेल असं वाटलं. एवढ्या उन्हात कोट कशाला ते कळेना. दार उघडेपर्यंत गेलं होतं. पायरी गार लागली.

९ डिसेंबर, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी मी आणि फ्लेविया अस्थी धुवायला बसलो. मागच्या अंगणात परात, कोमट पाणी, पांढरा कपडा. आमच्या घरात हे घरच्यांनीच करायचं. फ्लेविया एकेक धुऊन माझ्याकडे देत होती, मी पुसून कपड्यावर मांडत होतो. ती ॲन्ड्रियाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. मधेच तिने परातीतून हात वर काढला.

तिच्या तळहातावर एक लहान जबडा होता. त्यात दुधाचे दात.

मग आम्ही सगळं पुन्हा बघितलं. जे मी बोटांची हाडं समजत होतो ती काही बोटांची नव्हती. एक आख्खं लहान मूल होतं. सात-आठ वर्षांचं असेल, फ्लेविया म्हणाली. तिने चार पोरं वाढवली, तिला कळतं.

तिच्या कबरीखाली कोणीतरी आधीचं होतं. मी खाली जा म्हटलं, त्यांनी त्यालाही काढलं. मरोळला असं झालं नसतं. मरोळला खाली कोणाला ठेवतच नाहीत.

फ्लेविया हळू म्हणाली, कोणाचं लेकरू उचलून आणलंस रे तू.

त्याला वेगळ्या कपड्यात बांधलं. तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याचा जुना झबल्याचा कपडा तिने त्यासाठी काढून दिला. ते गाठोडं मधल्या खोलीत कपाटात ठेवलं.

१० डिसेंबर, बुधवार

संघमित्रा मॅडमना फोन केला. त्या पुण्याला आहेत, शाळेला कुलूप. त्यांना फार वाईट वाटलं. जानेवारीत शाळा उघडली की आणा, आपण नीट प्रार्थना करून पुन्हा ठेवू, म्हणाल्या. मी विचारलं, तिथे नक्की कोण होतं. त्या म्हणाल्या, त्या ओळीतला एक दगड कधीच घसरून गेला आहे, नाव कोणालाच माहीत नाही.

फादर लॉईड म्हणाले, त्या मुलाला आपल्या निशमध्ये ठेवता येणार नाही. ते आपलं नाही आणि कागदही नाहीत. पण घाबरू नका, लहान लेकरू आहे, तुमच्या घरात जानेवारीपर्यंत पाहुणं राहिलं तर काय बिघडतं. ते तरुण आहेत. चांगल्या मनाने बोलले.

सकाळी गाठोडं कपाटात नव्हतं. ट्रंकेत होतं, ॲन्ड्रियाच्या कुशीला. फ्लेवियाला विचारलं. तिने हात लावला नव्हता. मी ते पुन्हा कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली.

दुपारी टोल झाला. मी जागा होतो. पाववाला दुपारी येत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

गाठोडं पुन्हा ट्रंकेत. किल्ली माझ्याच खिशात.

दुपारी दार उघडंच ठेवून बसलो. बघायचं ठरवलं होतं. टोल झाला, पत्रा टेकला, आणि पायरीवर तो होता. मुलगा. कोट, गळ्याला पट्टी, शेजारी ट्रंक. माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात वाईट काही नव्हतं. शनिवारी फाटकाकडे बघत बसलेली मुलं बघत होती तसंच.

मी उठलो. तोही उठला. त्याने ट्रंक उचलली.

मी बसलो. तो बसला.

फ्लेविया मागच्या दाराने आली, म्हणाली, दार काय उघडं टाकलंस, किती गारठा भरलाय घरात. तिला पायरीवर कोणी दिसलं नाही. पण ती पायरीकडे पाठ करून बसली नाही, ते मी बघितलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज दोन टोल. मग आणखी एक.

तिघं आहेत. एक मुलगी. सगळ्यांच्या गळ्याला पट्ट्या.

आता मला कळलं आहे. घरी जायच्या दिवशी एक माणूस ट्रंक घेऊन फाटकातून गेला, आणि ओळीतल्या एका मुलाला बरोबर घेऊन गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी आलं. बाकीच्यांना काय वाटलं असेल. मीही त्या पायऱ्यांवर असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

आपल्यालाही न्यायला आले.

त्यांना कसं सांगायचं. मी ॲन्ड्रियासाठी आलो होतो. फक्त ॲन्ड्रियासाठी.

१३ डिसेंबर, शनिवार

घसा दुखतो. गिळताना त्रास. थंडीचा असेल.

फ्लेवियाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, दुपारी मलाही पत्र्याचा आवाज येतो, मी मुद्दाम रेडिओ मोठा लावते. मग म्हणाली, तू पोरगी आणलीस, पण ती एकटी नव्हती रे तिथे. ही तीन वर्षं तीच त्यांना निजवत असणार, तीच उठवत असणार. तिला घेऊन आलास, मग ती बसतील होय वर गुपचूप.

तिचं म्हणणं आहे की सगळ्यांना घेऊन परत जा. ॲन्ड्रियाला पण.

मी नाही म्हटलं. जोरात म्हटलं. माझा असा आवाज तिने ऐकलेला नाही. त्या लेकराला मी परत नेईन, पण ॲन्ड्रिया उद्या आईजवळ जाईल. तिने त्या मुलांचं पुष्कळ केलं. आता तिला विश्रांती हवी. मला एवढंच पाहिजे आहे.

फ्लेविया म्हणाली, तिला पाहिजे की तुला पाहिजे.

तीन-चारच घरं पलीकडे कोणीतरी नाताळचा तारा लावतंय. पायरीवर आज बरेच जण. मोजले नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

झालं. दुसऱ्या मिसानंतर निश उघडला. सबिनाच्या शेजारी ॲन्ड्रियाला ठेवलं. जपमाळ वर ठेवली. फादर लॉईडनी प्रार्थना केली. गवंड्याने फरशी बसवली, सिमेंट भरलं. मी फरशीवर हात ठेवून उभा राहिलो. फ्लेविया खांद्याला धरून उभी होती.

फार शांत वाटलं. तीन वर्षांनी पहिल्यांदा.

परत निघालो तेव्हा ती मुलं सिमेंटरीच्या फाटकाबाहेर ओळीने उभी होती. आत आली नव्हती. ट्रंका पायाशी. मी त्यांच्यासमोरून गेलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. मागून कोणी येतंय का.

घरापर्यंत पावलं ऐकू येत होती. बारीक. जुन्या बुटांची.

१५ डिसेंबर, सोमवार

कपाटातून आवाज येतो. रडण्याचा नाही. रडू नये म्हणून लहान मूल श्वास धरतं, तसा.

गाठोडं जागेवरच आहे. आता ट्रंकेत जायला तिथे कोणी नाही.

ती आता घरात बसतात. भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर. दुपारच्या विश्रांतीत बोलायचं नाही असं त्यांना शिकवलेलं दिसतं. मी गोधड्या काढून अंथरल्या. कोणी आडवं झालं नाही. निजवायला कोण आहे त्यांना. मला नाही येत. ॲन्ड्रियालाही सबिनाच निजवायची, मी सेकंड शिफ्टला असायचो.

डॉक्टर प्रांजल घरी येऊन गेल्या. टॉर्च लावून घसा बघितला, पुन्हा बघितला. आत पांढरा पडदा धरला आहे. म्हणाल्या, मी हे फक्त पुस्तकात बघितलंय काका, तुम्हाला आजच ॲडमिट व्हायला हवं. मी म्हटलं, आधी एक काम आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

फ्लेवियाने गाडी ठरवली. उद्या पहाटे. चंद्रप्रकाश फाटक उघडून देणार आहेत. ती बरोबर येते म्हणाली. म्हणाली, तू मेलास तर वाटेत मेलेला बरा, इथे मेलास तर रडायला मला एकटीला बसायला लागेल. मग पदर तोंडात कोंबून आत गेली.

गाठोडं खाली ठेवू. तिथे उभा राहून त्यांना सांगेन. तुमची माणसं येणार नाहीत. मी तुमचा नाही. मला माफ करा.

हे सांगायला आवाज राहायला हवा. घसा —

फ्लेविया सिमेंटरीत जाऊन आली. निशच्या फरशीभोवतीचं सिमेंट सुटलंय म्हणे, सगळीकडून. गवंडी म्हणतो, थंडीने. मरोळला एवढी थंडी कधी पडते.

१७ डिसेंबर

गाडी आली. उठवलं नाही मला. गाडी परत गेली.

उठायचा प्रयत्न केला की ती सगळी उठतात. ट्रंका उचलतात. मी पडतो. ती बसतात. दर वेळी. एकदाही रागावत नाहीत.

पुष्कळ आहेत. त्या ओळीत एवढ्या कबरी — मला लहान वाटली होती ओळ.

तो पहिला मुलगा माझ्या उशाशी बसला आहे. गळ्याची पट्टी सोडून त्याने माझ्या गळ्याला —

ओली आहे.

१८ डिसेंबर

फ्लेविया ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला क्रुसापाशी गेली आहे. गल्ली अरुंद, गाडी आत येत नाही. लगेच येते म्हणाली. डायरी हातात दिली. आवाज नाही तर लिही, म्हणाली.

दुपार आहे. ऊन दारापर्यंत.

सगळी उठली आहेत. मी हललो नाही, तरी उठली. माझ्या मागे, मागच्या दाराकडे बघताहेत. तोंडं — त्यांची तोंडं बदलली. शनिवारी आपलं नाव ऐकलेल्या मुलांची होती तशी.

टोल झाला नाही. तिला टोल लागत नाही.

ॲन्ड्रिया, तुला आईजवळ ठेवलं होतं गं. तू झोपायचं होतंस —

मागून येते आहे. पायांचा आवाज तोच, टाच जरा ओढत. मान वळत नाही. या वेळी तोंड बघायचं आहे. तेवढं तरी —

भिंतीकडून. एकेकाच्या डोक्यावर हात. ती मान खाली घालतात, हात आला की. हलकं मोजते आहे.

उशाशी बसलेल्याच्या —

गार. पण हात तोच. माझ्या केसांवर. टाचा उंचावल्या तिने, मी तर आडवा —

म्हणते आहे, आणि —